उजेड डोळ्यांना सोसत नसेल तर काय करावे

दिव्याकडे किंवा उन्हाकडे पाहताच डोळे आपोआप मिटू लागणे, डोळ्यांत कळ येणे, पाणी वाहणे, कपाळ ठणकणे अशी लक्षणे ज्यांना अलीकडे जाणवू लागली आहेत, त्यांच्यासाठी हा लेख लिहिला आहे. वैद्यकशास्त्रात या त्रासाला फोटोफोबिया म्हणतात. तो स्वतंत्र आजार नसून लक्षण आहे, आणि डोळ्यांच्या साध्या कोरडेपणापासून मेंदूच्या आवरणाच्या दाहापर्यंत अनेक कारणे त्यामागे असू शकतात. म्हणून कारण न शोधता नुसता उजेड टाळत राहणे हे या त्रासातले सर्वांत घातक वळण आहे, असे मला ठामपणे वाटते. आधी आपल्याला नेमके काय होते आहे ते ओळखावे, मग धोक्याच्या खुणा नाहीत याची खात्री करून घ्यावी, त्यानंतर कारणाचा माग काढावा, आणि चष्मा, दिवे, पडदे यांचा विचार सर्वांत शेवटी करावा. बहुतेक जण हाच क्रम उलटा लावतात आणि त्यामुळे महिनोन्‌महिने त्रास काढत राहतात.

दिपणे वेगळे, दुखणे वेगळे

स्वाभाविक काय आहे हे प्रथम लक्षात घ्यावे. दिवे लावलेल्या खोलीत साधारण ३०० ते ५०० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) उजेड असतो, तर भर दुपारच्या उन्हात तो १,००,००० लक्सपर्यंत जातो; म्हणजे दाराबाहेर पाऊल टाकताच डोळ्यांसमोरचा उजेड दोनशे-तीनशे पटींनी वाढतो. अंधारात ८ मिलिमीटरपर्यंत रुंदावणारी बाहुली प्रखर उजेडात २ मिलिमीटरपर्यंत आकसते खरी, पण व्यास एक चतुर्थांश झाला तरी आत शिरणारा प्रकाश फक्त सोळाव्या हिश्श्यावर येतो. उरलेले जुळवून घेण्याचे काम दृष्टिपटलातील, म्हणजे डोळ्याच्या आत मागच्या बाजूस असलेल्या प्रकाशसंवेदी पडद्यातील, पेशींना करावे लागते आणि त्यासाठी थोडा वेळ जातो. अंधाऱ्या सभागृहातून उन्हात आल्यावर काही क्षण डोळे किलकिले होणे हा त्यामुळे आजार ठरत नाही. उन्हाकडे पाहताच शिंका येणे हेही कित्येकांमध्ये जन्मतःच असते, बऱ्याचदा ते घराण्यात चालत आलेले असते आणि त्याला कोणताही उपचार लागत नाही. निळ्या, करड्या किंवा इतर फिकट रंगाच्या डोळ्यांत रंगद्रव्य कमी असल्याने अशा व्यक्तींना ऊन अधिक जाचते, तेही स्वाभाविकच आहे.

यापलीकडचा त्रास असेल तर स्वतःला एकच प्रश्न विचारावा: उजेडामुळे नीट दिसेनासे होते, की उजेडामुळे दुखते? समोरून येणाऱ्या वाहनाच्या दिव्यांभोवती वलये दिसणे, उन्हात समोरच्याचा चेहरा धूसर होणे, पण वेदना मात्र नसणे, हे दिपणे झाले. त्यामागे मोतीबिंदू, विशेषतः भिंगाच्या मागच्या बाजूस होणारा मोतीबिंदू, बदललेला चष्म्याचा नंबर किंवा चष्म्याच्या काचेवरचे बारीक ओरखडे असू शकतात. अशा वेळी डोळ्यांत शिरलेला प्रकाश विखुरतो, एवढाच दोष असतो. याउलट उजेड पडताच डोळ्यांत किंवा डोक्यात वेदना होत असेल, तर ते दुखणे झाले आणि पुढील बहुतेक मजकूर त्याविषयी आहे. लुकलुकणाऱ्या दिव्यांमुळे झटके येणे किंवा शुद्ध हरपणे ही मात्र अगदी वेगळी बाब आहे. ती अपस्माराशी संबंधित असून त्यासाठी मेंदूविकारतज्ज्ञांकडेच जावे लागते.

आधी धोक्याच्या खुणा पाहाव्यात

घरगुती उपायांकडे वळण्यापूर्वी ही पायरी वगळू नये. उजेड सोसत नाही, त्यासोबत ताप आणि तीव्र डोकेदुखी आहे, मान वाकवता येत नाही, उलट्या होत आहेत किंवा रुग्ण गुंगीत जातो आहे, अशी स्थिती असेल तर तो मेंदूच्या आवरणाचा दाह असू शकतो आणि तेथे तासांचा विलंबही जिवावर बेतू शकतो. आयुष्यात कधी झाली नव्हती इतकी भयंकर डोकेदुखी क्षणात उसळली असेल, तर मेंदूभोवती रक्तस्राव झाल्याची शक्यता गृहीत धरून थेट रुग्णालय गाठावे. डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेल्या त्रासाचीही डॉक्टरांकडून लवकर तपासणी करून घ्यावी, आणि सोबत उलट्या, गोंधळलेपणा किंवा वाढत जाणारी डोकेदुखी असेल तर लगेचच.

डोळ्यांपुरत्या मर्यादित पण त्याच दिवशी तपासून घ्याव्यात अशा खुणाही आहेत. एकच डोळा लाल होऊन खोलवर दुखणे, नजर कमी होणे, डोळ्याला इजा होणे, डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर नव्याने दुखू लागणे या त्यांपैकी प्रमुख होत. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्या व्यक्तीचा डोळा लाल झाला आणि उजेड खुपू लागला, तर लेन्स ताबडतोब काढून ठेवावी व ती टाकून न देता तपासणीच्या वेळी सोबत न्यावी, कारण कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा जंतुसंसर्ग एक-दोन दिवसांत कायमचा डाग मागे ठेवू शकतो. डोळ्यात तीव्र कळ, दिव्यांभोवती रंगीत वलये आणि मळमळ अशी सांगड असेल, तर डोळ्यातील दाब अचानक वाढलेला असू शकतो. डोळ्यात चुना, आम्ल किंवा कोणतेही रसायन गेले असेल, तर रुग्णालयात धाव घेण्यापूर्वी डोळा स्वच्छ वाहत्या पाण्याने किमान पंधरा-वीस मिनिटे धुवावा. येथे धुण्याइतका तातडीचा दुसरा उपचार नाही.

लहान मुलांबाबत एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांतून सतत पाणी येत असेल, उजेड दिसताच ते तोंड फिरवत असेल, पापण्या घट्ट मिटून घेत असेल आणि डोळ्याचा काळा भाग मोठा किंवा धुरकट दिसत असेल, तर तो जन्मजात काचबिंदू असू शकतो. बाळाचे डोळे मोठे आणि टपोरे आहेत म्हणून कौतुक होत राहते आणि नजर वाचवण्याची वेळ निघून जाते. डोळे सतत इकडेतिकडे हलत असतील आणि बाळ उन्हात डोळेच उघडत नसेल, तर दृष्टिपटलाचे किंवा रंगद्रव्याचे जन्मजात विकार तपासावे लागतात.

उजेडाने वेदना का होते

दृष्टिपटलाला स्वतःला दुखत नाही. उजेडामुळे होणारी वेदना मेंदूकडे पोहोचवते ती मुख्यतः चेहऱ्याची संवेदना वाहणारी पाचवी मस्तिष्क चेता. तिची एक शाखा कॉर्नियात पसरलेली असते, बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यात, म्हणजे आयरिसमध्ये, असते आणि मेंदूच्या आवरणांतही असते. त्यामुळेच डोळ्याच्या पृष्ठभागावरचा ओरखडा, डोळ्याच्या आतला दाह आणि अर्धशिशी ही तीन अगदी वेगवेगळी कारणे शेवटी एकच तक्रार निर्माण करतात. आयरिसला सूज असते तेव्हा उजेड पडताच बाहुली आकसते, सुजलेला स्नायू ओढला जातो आणि कळ येते. दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या एकाच वेळी आकसत असल्याने निरोगी डोळ्यावर उजेड टाकला तरी आजारी डोळा दुखतो. ही खूण आढळली की डॉक्टरांचे लक्ष आयरिसच्या दाहाकडे जाते.

अर्धशिशीचे कोडे अधिक गुंतागुंतीचे होते, कारण तेथे डोळे तपासणीत निर्दोष असतात. १९९८ मध्ये इग्नासियो प्रोव्हेन्सिओ आणि सहकाऱ्यांनी मेलनॉप्सिन नावाचे प्रकाशसंवेदी प्रथिन शोधले आणि २००२ मध्ये डेव्हिड बर्सन यांच्या गटाने दाखवून दिले की दृष्टिपटलातील काही चेतापेशी पाहण्याचे काम करणाऱ्या शंकू आणि दंड पेशींच्या मदतीशिवायही प्रकाश ओळखतात. या पेशी चित्र पाहण्यापेक्षा उजेड किती आहे हे मोजण्याचे काम अधिक करतात, आणि साधारण ४८० नॅनोमीटर लांबीच्या निळ्या प्रकाशलहरींना त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात. पुढे २०१० मध्ये रामी बर्स्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्धशिशी असलेल्या अंध व्यक्तींचा अभ्यास केला. ज्यांना आकृती दिसत नव्हती पण उजेड-अंधार कळत होता, त्यांची डोकेदुखी उजेडात वाढत होती. ज्यांना उजेडाची जाणीवच नव्हती, त्यांची वाढत नव्हती. उंदरांवरील प्रयोगांत बर्स्टीन यांच्या गटाला असेही आढळले की या पेशींकडून येणारे संदेश आणि मेंदूच्या आवरणाकडून येणारी वेदना थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या भागातील एकाच चेतापेशींपाशी येऊन मिळतात. ज्यांना ‘डोळे ठीक आहेत, मनाचे खेळ आहेत’ असे ऐकवले गेले आहे, त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे: डोळा निरोगी असूनही उजेडाची वेदना खरी असते आणि तिच्यासाठी शरीरात मार्ग उपलब्ध आहे.

सोबतची लक्षणे वाचायला शिकावे

धोक्याच्या खुणा नसतील तर पुढचे काम सावकाश निरीक्षणाचे आहे, आणि निदानाचा अर्धा मार्ग येथेच सरतो. सर्वाधिक आढळणारे आणि सर्वाधिक दुर्लक्षित कारण म्हणजे डोळ्यांचा कोरडेपणा. वाळू गेल्यासारखे खुपणे, संध्याकाळकडे किंवा वाचनानंतर त्रास वाढणे, वाऱ्यात डोळ्यांतून पाणी येणे ही त्याची लक्षणे आहेत. कोरड्या डोळ्यांतून पाणी येते हे ऐकून नवख्या माणसाला आश्चर्य वाटते, पण अश्रूंचा थर टिकत नाही म्हणून पृष्ठभाग चिडतो आणि त्या चिडण्यामुळे पाणी वाहते. ते पाणी ओलावा टिकवू शकत नाही. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्या लवण्याचे प्रमाण बरेच घटते, त्यामुळे संगणकावर काम करणाऱ्यांची ‘पडद्याचा उजेड सोसत नाही’ ही तक्रार पुष्कळदा मुळात कोरडेपणाची असते.

खाज प्रमुख असेल तर ॲलर्जी, चिकट चिपाडांमुळे सकाळी पापण्या चिकटत असतील तर डोळे येणे, पापण्यांच्या कडांवर कोंड्यासारखे कण असतील तर पापण्यांचा दाह असण्याचा संभव अधिक. डोके एका बाजूने ठणकते, मळमळते, आवाजही नकोसा होतो आणि अंधाऱ्या खोलीत पडून राहावेसे वाटते, ही तर अर्धशिशीची ओळखच आहे. अनेकांना दोन झटक्यांच्या मधल्या काळातही उजेड जाचतो. पापण्या आपोआप आणि वारंवार घट्ट मिटत असतील, तर पापण्यांच्या स्नायूंचा विकार तपासावा लागतो. वेल्डिंगची ठिणगी उघड्या डोळ्यांनी पाहिल्यावर किंवा बर्फाळ प्रदेशात संरक्षणाशिवाय फिरल्यावर त्रास लगेच होत नाही. कॉर्नियाला झालेली अतिनील किरणांची इजा काही तासांनी, बहुधा रात्री, असह्य वेदनेच्या रूपाने वर येते, म्हणून आदल्या दिवशी काय केले हे आठवून पाहावे.

औषधांची यादीही तपासून पाहावी. तपासणीसाठी बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांचा परिणाम बहुधा काही तास ते एक दिवस टिकतो, पण ॲट्रोपिनचा आठवडा-दोन आठवडेही राहू शकतो. मुरुमांसाठी घेतले जाणारे आयसोट्रेटिनॉइन आणि सर्दी-ॲलर्जीवरच्या अनेक गोळ्या डोळे कोरडे करतात. प्रवासातील मळमळीसाठी लावायच्या स्कोपोलामिनच्या पट्टीला हात लावून तोच हात डोळ्याला लागला, तर एकच बाहुली मोठी होऊन बसते. अर्धशिशीवर दिले जाणारे टोपिरामेट काही थोड्या व्यक्तींमध्ये, विशेषतः पहिल्या काही आठवड्यांत, डोळ्यातील दाब एकाएकी वाढवू शकते. अंधुक दिसून डोळा दुखू लागला तर ‘ही नेहमीची अर्धशिशी’ असे समजून थांबू नये. मात्र कोणतेही औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्वतःहून बंद करणे योग्य नव्हे.

आठवडाभर थोडक्यात नोंदी ठेवाव्यात: त्रास केव्हा सुरू झाला, एका डोळ्यात की दोन्हीत, कोणत्या उजेडात, किती वेळ टिकला, झोप कशी होती. एवढे पुरे, नोंदवहीचे ओझे होऊ देऊ नये.

तपासणीत काय होते

नेत्रतज्ज्ञ स्लिट लॅम्प या सूक्ष्मदर्शक यंत्रातून डोळ्याचा पुढचा भाग पाहतात. नारिंगी रंगाचा फ्लुरेसिनचा थेंब घालून निळा प्रकाश टाकला की कॉर्नियावरील ओरखडे हिरवे चमकतात आणि अश्रूंचा थर किती वेळात फुटतो हेही मोजता येते. १० सेकंदांच्या आत तो फुटत असेल तर थर अस्थिर मानतात. शर्मर चाचणीत कागदाची पट्टी खालच्या पापणीत ५ मिनिटे अडकवून ती किती मिलिमीटर ओली होते ते पाहतात. गरजेनुसार दाब मोजला जातो व बाहुली मोठी करून दृष्टिपटल तपासले जाते, त्यामुळे त्या दिवशी स्वतः वाहन चालवत जाऊ नये. डोळे निर्दोष आढळले तर प्रकरण संपले असे न समजता मेंदूविकारतज्ज्ञांचा सल्ला मागावा.

दोन प्रकारच्या थेंबांपासून कटाक्षाने दूर राहावे. बधिरता आणणारे थेंब तपासणीपुरते उत्तम असतात, पण घरी वारंवार घातले तर कॉर्निया झिजतो आणि वेदना न कळल्याने इजा वाढत जाते. स्टेरॉइडचे थेंब आयरिसच्या दाहावर रामबाण ठरतात, पण तेच थेंब नागिणीच्या जातीच्या विषाणूंचा कॉर्नियाचा संसर्ग भडकवतात आणि दीर्घकाळ वापरल्यास काचबिंदू व मोतीबिंदू ओढवून घेतात. शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याची बाटली आपल्या डोळ्यात रिकामी करू नये. कृत्रिम अश्रू मात्र सुरक्षित आहेत. दिवसातून चारहून अधिक वेळा लागत असतील तर परिरक्षक (औषध टिकवण्यासाठी घातलेले रसायन) नसलेले निवडावेत.

गडद चष्म्याचा मोह

त्रास सुरू झाला की माणूस घरातही काळा चष्मा लावू लागतो, पडदे ओढून बसतो, आणि त्या क्षणी बरे वाटल्यामुळे तेच करत राहतो. येथेच जखडून टाकणारे चक्र सुरू होते. अंधारात डोळ्यांची प्रकाशसंवेदना वाढत जाते आणि २० ते ३० मिनिटांत ती पराकोटीला पोहोचते. दिवसचे दिवस अंधुक उजेडात घालवले तर पूर्वी सहज सोसणारा दिवाही बोचू लागतो, मग चष्मा आणखी गडद होतो. म्हणून बाहेर उन्हात गडद चष्मा जरूर वापरावा, घरात आणि कार्यालयात वापरू नये, हा नियम शक्य तितका पाळावा. नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, डोळ्याच्या आतला दाह असलेले किंवा शंकू पेशींचा जन्मजात विकार असलेले रुग्ण याला अपवाद आहेत. त्यांनी डॉक्टर सांगतील तसे करावे.

बाहेरच्या चष्म्यात काचेचा गडदपणा पाहून फसू नये. अतिनील किरण अडवण्याचा आणि रंगाचा काही संबंध नाही. ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवणारी, म्हणजे ‘यूव्ही ४००’ दर्जाची, काच जवळजवळ रंगहीनही असू शकते. संरक्षण नसलेली काळी काच तर अधिक वाईट, कारण तिच्यामागे बाहुली रुंदावते. गडदपणाचे ० ते ४ असे वर्ग असतात. वर्ग ३ ची काच ८ ते १८ टक्के प्रकाश आत सोडते आणि बहुतेकांना उन्हात ती पुरते. वर्ग ४ ची काच फक्त ३ ते ८ टक्के सोडते आणि ती घालून वाहन चालवणे धोक्याचे असते. पाणी, ओला रस्ता, वाहनांच्या काचा यांवरून परावर्तित होणारी चकाकी त्रासदायक असेल तर पोलराइज्ड काच खरोखर उपयोगी पडते, मात्र तिच्यातून मोबाइल-संगणकाचे काही पडदे काळे दिसतात. उन्हात आपोआप गडद होणाऱ्या काचा अतिनील किरणांवर अवलंबून असल्याने मोटारीच्या आत बहुधा निष्प्रभ ठरतात. बाजूने येणारा प्रकाश विसरला जातो. रुंद काड्यांची चौकट आणि कडा असलेली टोपी यांनी पुष्कळ फरक पडतो.

अर्धशिशीच्या रुग्णांसाठी एफएल-४१ नावाची गुलाबी छटेची काच वापरली जाते. ती निळ्या-हिरव्या पट्ट्यातील ठरावीक लहरी गाळते आणि बाकीचा उजेड बऱ्यापैकी आत येऊ देते, म्हणून घरात वापरायचीच असेल तर काळ्या काचेपेक्षा ही बरी. बर्स्टीन यांच्याच गटाच्या २०१६ मधील अभ्यासात पांढऱ्या, निळ्या, पिवळसर आणि लाल प्रकाशापेक्षा मंद हिरव्या प्रकाशात अर्धशिशीची डोकेदुखी सर्वांत कमी वाढल्याचे दिसले होते. रात्री वाहन चालवताना मात्र कोणतीही रंगीत काच घालू नये; ती आधीच अपुऱ्या असलेल्या उजेडात आणखी कपात करते.

खोली आणि पडदा

घरातील एकूण उजेड कमी करण्यापेक्षा उजेड आणि अंधारातील तफावत कमी करावी. काळोख्या खोलीत संगणकाचा एकच झगझगीत पडदा ठेवून काम करणे सर्वांत जाचक असते. उघडा दिवा नजरेच्या टप्प्यात येऊ देऊ नये. भिंतीवर किंवा छतावर पडून परतणारा उजेड डोळ्यांना मऊ वाटतो. खिडकी पाठीमागे किंवा समोर न येता बाजूला राहील अशी बैठक मांडावी. पडद्याची प्रखरता खोलीच्या उजेडाइतकी ठेवावी, पडदा डोळ्यांच्या पातळीहून किंचित खाली असावा म्हणजे पापण्या कमी उघड्या राहतात, आणि दर वीस मिनिटांनी वीस सेकंद सुमारे सहा मीटर दूर पाहून पापण्या पूर्ण मिटून उघडाव्यात. जुन्या ट्यूबलाइटचा आणि काही मंद केलेल्या एलईडी दिव्यांचा न जाणवणारा लुकलुकाटही डोकेदुखी वाढवतो. असा दिवा बदलून पाहणे हा सोपा प्रयोग आहे.

उजेडाकडे परत येताना

मूळ कारणावर उपचार सुरू झाल्यावर, आणि डॉक्टरांची संमती असल्यावरच, डोळ्यांना पुन्हा उजेडाची सवय लावावी. घरातला काळा चष्मा एकदम फेकून देणे बहुतेकांना जमत नाही. आधी त्याहून फिकट काच घ्यावी, मग सकाळच्या कोवळ्या उजेडात काही मिनिटे तीही काढून बसावे आणि दर दोन-तीन दिवसांनी हा वेळ थोडा वाढवावा. थोडे अवघडल्यासारखे वाटणे चालेल, पण वेदना उसळली आणि ती तासाभरात शमली नाही, तर एक पायरी मागे यावे. अर्धशिशीचा झटका चालू असताना हा सराव करू नये. त्या वेळी अंधारात विश्रांती घेणे योग्यच आहे, फक्त झटका ओसरल्यावर अंधारातून बाहेर यावे. डोक्याला मार लागल्यानंतरचा त्रास बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत उतरतो, काहींमध्ये महिने घेतो, आणि तो काळ सलग सुधारणेचा नसतो. मधूनमधून वाईट दिवस येतात. नोंदी ठेवल्या असतील तर एका वाईट दिवसाऐवजी मागच्या पंधरवड्याशी तुलना करावी. दीड-दोन महिने नेटाने प्रयत्न करूनही काहीच फरक नसेल, किंवा लाली, धूसरपणा अथवा नवी वेदना दिसू लागली, तर सराव थांबवून पुन्हा तपासणी करून घ्यावी, कारण पहिल्या तपासणीत नसलेले कारण नंतर उघड होऊ शकते.